मध्य नितंबस्नायू : पावलागणिक कंबर सावरणारा स्नायू

नितंबाच्या भागात तीन प्रमुख स्नायू एकाखाली एक असे रचलेले असतात. सर्वांत वरचा महानितंबस्नायू. बसलेला माणूस उठतो, जिना चढतो तो मुख्यतः त्याच्या बळावर. सर्वांत खोल असतो तो लघुनितंबस्नायू. या दोहोंच्या मधला तो मध्य नितंबस्नायू. वैद्यकीय परिभाषेत त्याला ‘ग्लुटिअस मीडिअस’ म्हणतात. त्याचा मागचा भाग महानितंबस्नायूखाली झाकलेला असला, तरी पुढचा भाग हाताला लागतो. कमरेवर हात ठेवल्यावर बोटांना हाडाची जी कड जाणवते, तिच्या किंचित खाली तळवा टेकवून त्याच बाजूच्या एका पायावर उभे राहावे. तळव्याखाली जो घट्ट होतो, तोच हा स्नायू.

त्याचा आकार पंख्यासारखा आहे. श्रोणीच्या, म्हणजे कमरेखालच्या अस्थिकड्याच्या, बाहेरच्या रुंद पृष्ठभागावरून त्याचे तंतू निघतात आणि खाली एकवटत जाऊन मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी, बाहेरच्या अंगास असलेल्या उंचवट्यावर चिवट कंडरेने जोडले जातात. या उंचवट्याला ‘बृहत् ट्रोकँटर’ असे नाव आहे. पुढचे तंतू मांडी आत वळवतात, मागचे बाहेर. त्याला चेतना पुरवणारा ऊर्ध्व नितंब मज्जातंतू कमरेच्या चौथ्या व पाचव्या आणि त्रिकास्थीच्या पहिल्या मुळांपासून बनतो. खुब्याची शस्त्रक्रिया बाजूने करताना शल्यचिकित्सक याच मज्जातंतूला जपत असतात. ट्रोकँटरच्या टोकापासून सुमारे पाच सेंटिमीटरपलीकडे स्नायू चिरत नेल्यास तो दुखावण्याची भीती असते.

पाठ्यपुस्तकांत या स्नायूचे कार्य ‘पाय बाजूला उचलणे’ असे दिलेले असते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. दिवसभरात पाय बाजूला उचलण्याचे प्रसंग येतात तरी किती? त्याचे खरे काम पाय जमिनीवर असताना चालते. चालण्याच्या प्रत्येक आवर्तनात सुमारे ४० टक्के काळ शरीराचा सारा भार एकेका पायावर असतो. उजवा पाय टेकलेला आणि डावा उचललेला असताना आधार सुटलेली डावी बाजू खाली कलू पाहते. त्या क्षणी उजवीकडचा मध्य नितंबस्नायू श्रोणीला आपल्या बाजूने खाली खेचून धरतो आणि कंबर समतल राखतो. तराजूच्या दांडीसारखा हा प्रकार आहे. मात्र खुब्यापासून भाराचे अंतर स्नायूच्या अंतराच्या दुपटीहून अधिक असल्याने स्नायूला फार मोठी ओढ द्यावी लागते. परिणामी एका पायावर उभे असताना खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच ते तीन पट दाब येतो.

चिंपांझीच्या श्रोणीचे हाड उंच असून त्याचे पाते मागच्या दिशेला वळलेले असते. त्यामुळे हा तोल त्याला साधत नाही आणि दोन पायांवर तो डुलतच चालतो. इथिओपियात १९७४ मध्ये सापडलेल्या, सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीच्या ‘ल्युसी’च्या सांगाड्यात मात्र श्रोणी आखूड व रुंद आहे.

हा स्नायू दुबळा झाला की खूण दिसते ती विरुद्ध बाजूला. उजवा स्नायू निकामी असेल, तर उजव्या पायावर उभे राहताच डावी कंबर खचते. जर्मन शल्यचिकित्सक फ्रिडरिख ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ मध्ये या लक्षणाचे वर्णन केले आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. पोलिओ, जन्मतः निखळलेला खुबा, मज्जातंतूची इजा ही त्याची कारणे होत. अनेक रुग्ण खचणारी कंबर सावरण्यासाठी नकळत धडच दुबळ्या बाजूला झुकवतात. दोन्ही बाजू दुबळ्या असल्यास चाल बदकासारखी होते.

काठी कोणत्या हातात धरावी, याचे उत्तरही येथेच आहे. घरोघरी ती दुखऱ्या बाजूच्याच हातात दिसते. वास्तविक ती विरुद्ध हातात हवी. उजवा खुबा दुखत असताना डाव्या हातातील काठी सांध्यापासून दूर टेकते. म्हणून तिच्यावर दिलेला थोडासा भारही कलणारी डावी बाजू उचलून धरतो. स्नायूची ओढ आणि सांध्यावरचा दाब दोन्ही घटतात.

चाळिशीनंतर, विशेषतः स्त्रियांना, खुब्याच्या बाहेरच्या अंगाला दुखू लागते. त्या कुशीवर झोपणे नकोसे होते. या दुखण्याचे खापर पूर्वी कंडरेजवळच्या द्रवपिशवीच्या दाहावर फोडले जाई. आता बहुतेकदा मध्य व लघु नितंबस्नायूंच्या कंडरांची झीज हेच मूळ आढळते. सांध्याच्या झिजेची वेदना सहसा जांघेत जाणवते, हा भेद लक्षात घेण्याजोगा आहे. अशा वेळी एका पायावर भार टाकून कंबर मोडून उभे राहणे आणि पायावर पाय टाकून बसणे टाळावे लागते, कारण दोन्ही स्थितींत कंडरा हाडावर दाबली जाते. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घेतल्याने आराम पडतो. उपचाराचा मुख्य भाग म्हणजे फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवलेला व्यायाम. कुशीवर पडून वरचा पाय सरळ उचलण्याच्या परिचित व्यायामात कंबर मागे कलली, तर काम मांडीच्या पुढच्या बाजूचे स्नायू करतात आणि मध्य नितंबस्नायू तसाच राहतो.