जुना पाइप पुन्हा जोडताना: शिरोळमधून वाचलेला बॉयलर कायदा

शिरोळच्या श्री दत्त साखर कारखान्यासारखा कोणताही कारखाना घ्या. गाळप संपलं की पुढचे काही महिने मशिनरी उघडून दुरुस्ती चालते. अशा वेळी वाफेच्या लाइनचा एखादा तुकडा सुटतो आणि दुसरीकडे बसेल असं वाटतं. लोखंड चांगलं दिसतं, पैसेही वाचतात. मग प्रश्न येतो: हा पाइप पुन्हा वाफेखाली घ्यायचा, तर 'चालेल' असं कोणी म्हणायचं आणि कशाच्या आधारावर? तंत्रज्ञानाच्या इतिहासावर संशोधन करणार असाल, तर हा प्रश्न एकट्या फिटरचा नाही, तुमचाही आहे. कारण तो पुराव्याचा प्रश्न आहे.

आपल्याकडे याचं उत्तर माणसं मेल्यावर शोधलं गेलं. १८६३मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून जीवितहानी झाली आणि १८६४मध्ये बंगालने तपासणीचा कायदा केला. पुढे प्रांतोप्रांती वेगवेगळे नियम झाले. ते एकत्र आणणारा इंडियन बॉयलर्स अॅक्ट १९२३चा. त्यातल्या दोन तरतुदी नीट वाचा. बॉयलरचं सर्टिफिकेट जास्तीत जास्त बारा महिन्यांचं. पण बॉयलर हलवला किंवा त्याच्या रचनेत बदल केला, तर ते आधीच संपतं (लहान उभ्या आणि फिरत्या बॉयलरना हलवण्यापुरती सूट आहे). आणि कलम १३ सांगतं, की वाफेच्या पाइपमध्ये बदल, वाढ किंवा नूतनीकरण करण्याआधी मालकाने मुख्य निरीक्षकाला कळवायचं. थोडक्यात, सर्टिफिकेट नुसत्या लोखंडाचं नसतं. ते त्या जागेचं, त्या जोडणीचं, त्या दाबाचं असतं.

इथे दोन ठिकाणी सावध राहा. पहिलं म्हणजे, १९२३चा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानसाठी होता. शिरोळ तेव्हा कोल्हापूर संस्थानात होतं, शेजारचं कुरुंदवाड तर वेगळंच संस्थान. कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झालं १ मार्च १९४९ला. त्यामुळे त्याआधीच्या इथल्या यंत्रांवर मुंबईचे नियम सरळ लावू नका. संस्थानी दप्तर आधी बघा. दुसरं, व्याख्या. कायद्याच्या नंतरच्या मजकुरात बॉयलरमधून वाफ नेणाऱ्या पाइपमधला दाब ३.५ किलो प्रति चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, किंवा आतला व्यास २५४ मिलिमीटरहून मोठा असेल, तरच तो 'स्टीम पाइप'. तोच तुकडा उद्या रसाच्या किंवा पाण्याच्या लाइनला लावला, की तो व्याख्येबाहेर. म्हणून निरीक्षकाच्या कागदात एखादा पाइप दिसला नाही, तर तो भंगारात गेला असं समजू नका.

आता चाचणीकडे वळू. नेहमीची पद्धत पाण्याची: हवा पूर्ण बाहेर काढायची, पाणी भरायचं, कामाच्या दाबापेक्षा जास्त, सहसा दीडपट दाब द्यायचा आणि सांधे बघायचे. पाणीच का? ते फारसं दबत नाही, त्यामुळे त्यात ऊर्जा कमी साठते. पाइप फाटला तर पाणी उडतं आणि दाब झटकन उतरतो. हवा किंवा वायू भरलेला पाइप मात्र स्फोटासारखा फुटतो. पण पाण्याची चाचणी आज गळत नाही एवढंच सांगते. आतून गंजून भिंत किती झिजली, हे अल्ट्रासोनिकने जाडी मोजल्याशिवाय कळत नाही. धातू मुळात कोणत्या प्रतीचा, हे ना पाणी सांगतं ना जाडी. त्यासाठी जुना कागद किंवा धातूची तपासणी लागते.

चाचणी झाली म्हणजे संपलं, असं मानण्याची किंमत इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरोने मोजली. १९७४मध्ये तिथल्या रासायनिक कारखान्यात तडा गेलेली एक टाकी काढून तिच्या जागी २० इंची तात्पुरता पाइप जोडला. त्याची चाचणी ९ किलो दाबाला, वायूने झाली. सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र ११ किलोला उघडणारे होते. म्हणजे यंत्रणा जिथवर जाऊ शकत होती, तिथवर कोणी पाइप तपासलाच नव्हता. १ जूनला तो निखळला आणि २८ माणसं गेली.

२०२५मध्ये १९२३च्या कायद्याची जागा नव्या बॉयलर कायद्याने घेतली. जुन्या नोंदी आता आणखी मागे पडतील, तेव्हा हाताला लागतील तेवढ्या वाचा. चाचणीची नोंद मिळाली की चार गोष्टी विचारा: आत काय भरलं होतं, दाब किती दिला, यंत्रणेचा कमाल दाब किती होता आणि सही कोणाची? 'पास' हा शेरा त्यानंतर वाचा. आणि चारपैकी एक रकाना कोरा असेल, तर तोही टिपून घ्या. बॉयलर हाऊसमध्ये त्या पाइपखाली उभ्या असलेल्या कामगाराला नेमकं तेवढंच माहीत नव्हतं.