दोन नद्यांमधला चांदा

आपल्या राजूरच्या माणसाला चांदा परका नाही. दवाखाना, लग्नाची खरेदी, महाकालीची जत्रा, अशा कुठल्या ना कुठल्या कामाने प्रत्येक घरातले कुणीतरी तिथे जाऊन आलेले असते. १९६४ साली गावाचे नाव चंद्रपूर झाले, तरी आपली वडीलमंडळी ‘चांदा’च म्हणत राहिली. पण काम आटोपले की परतीची एसटी गाठायची, हा आपला शिरस्ता. नदीच्या काठाने ते शहर पायी पाहायला सवड कुणाला होती? गेल्या हिवाळ्यात मी मुद्दाम दोन दिवस मुक्काम करून ते पाहिले. स्मरणिकेसाठी हाच विषय निवडला, कारण वर्धा नदी ओलांडली की लागणारा हा इतिहास आपल्या शाळेच्या पुस्तकांत फार थोडा आला होता.

शहराच्या पूर्वेला झरपट, पश्चिमेला इरई आणि दक्षिणेला दोघींचा संगम. गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह याने बल्लारपूरहून राजधानी इथे आणली, असे परंपरा सांगते. झरपटीच्या पात्रातल्या कुंडाच्या पाण्याने राजाचा त्वचारोग बरा झाला, अशी कथा आहे. कथा बाजूला ठेवली तरी जागेची निवड समजते. दोन बाजूंना नद्यांचा खंदक आणि बारमाही पाणी!

पुढच्या गोंड राजांनी शहराभोवती दगडी तट बांधला. त्याला चार दरवाजे : उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा, पश्चिमेला बिनबा. दरवाजांवर हत्तीवर स्वार झालेला सिंह कोरलेला आहे. ते गोंड राजांचे राजचिन्ह. शिवाय तटात लहान वाटा आहेत. त्यांना ‘खिडक्या’ म्हणतात : हनुमान, विठोबा, चोर, मसण, बगड. मसण खिडकीचे काम तिच्या नावातच आहे. तट केवळ शत्रूला अडवायला नव्हता. माणसांनी कुठून नदीवर जायचे, कुठून प्रेत न्यायचे, याचीही त्यात सोय लावलेली होती.

मी अचलेश्वर दरवाजापासून सुरुवात केली. जवळच अचलेश्वराचे देऊळ आणि गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांतली बीरशाहाची समाधी राणी हिराईने बांधली. १८व्या शतकाच्या आरंभी पतीचा खून झाल्यावर तिने दत्तक मुलाच्या नावाने राज्य सांभाळले. आपल्या आया-आज्या जिच्या दर्शनाला जात, त्या महाकालीचे मोठे देऊळही तिनेच उभारले. चैत्रात तिथे नांदेड-परभणीकडचे भाविक येतात आणि झरपटीवर स्नान करतात. मी गेले तेव्हा नदी जलपर्णीखाली झाकलेली होती.

तिथून तटाच्या कडेने पठाणपुरा आणि मग बिनबा. १७५१ साली राज्य नागपूरच्या भोसल्यांकडे गेले. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफांनी तट फोडून शहर घेतले. पुढे तटावर झाडेझुडपे माजली. २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी कित्येक महिने श्रमदान करून तो मोकळा केला, म्हणून आज त्यावरून चालता येते.

बिनबा दरवाजाबाहेर इरईकडे पाहताना मात्र इतिहास आपल्या घरापर्यंत येतो. कोळशाने आपल्याला पोसले. आपल्यापैकी अनेकांची फी खाणीच्या पगारातून भरली गेली. त्याच कोळशामुळे इरईवर धरण आले आणि औष्णिक वीज केंद्र उभे राहिले. खाणींतून काढलेल्या मातीचे ढिगारे नदीकाठी साचले आणि पात्र आवळले. शहर तटाबाहेर पसरले आणि पोटासाठी आलेल्या माणसांनी मिळेल तिथे, नदीच्या हक्काच्या जागेत घरे बांधली. जुलै २०२२ च्या पुरात रहमतनगरसारख्या वस्त्यांत पाणी शिरले. तिथली घरे पाहताना मला आपल्या कॉलरीतल्या चाळी आठवल्या. माणसे तीच, कष्ट तेच.

जुन्या लोकांनी नदीला शहराबाहेर जागा ठेवली होती. ती जागा आपल्या काळात, आपल्या डोळ्यांदेखत गेली. हा इतिहासही कुणीतरी लिहून ठेवायला हवा. आपल्या गावच्या भट्ट्यांतला चुना आणि खाणीतला कोळसा कुठे कुठे गेला, हे सांगणारी जुनी माणसे अजून आहेत. त्यांच्याशी बोलायचे काम आपल्या बॅचने घ्यावे, असे मला वाटते.

आणि एक विनंती शिक्षकांना. आठवी-नववीच्या मुलांची एक सहल चांद्याला न्यावी. अचलेश्वर ते बिनबा, पायीच. पायात चांगले बूट, सोबत पाण्याची बाटली आणि सकाळची वेळ, एवढे पुरे. बसभाड्याचे आपण माजी विद्यार्थी पाहून घेऊ.