सुटकेची नोंद कोणाच्या हाती

देवनारमध्ये तुरुंग नाही. मुंबईचे तुरुंग आर्थर रोडला आणि भायखळ्याला. तिथे जागा पुरत नाही म्हणून कैदी ठाण्याला, तळोजाला, कल्याणला पाठवले जातात. तरीही देवनार, मानखुर्द, चेंबूर या पट्ट्यात माणसांना कोंडून ठेवण्याच्या जागा शहराने एकेक करून आणून वसवल्या. देवनारला नवजीवन महिला वसतिगृह आहे. वेश्याव्यवसायातून सोडवलेल्या बायकांना तिथे दंडाधिकाऱ्याच्या हुकमाने ठेवतात. मानखुर्दला चिल्ड्रन्स एड सोसायटीची बालगृहे आहेत, चेंबूरला भिक्षेकरी गृह. याच देवनारला 1954 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्था आली आणि तिच्या 'प्रयास' या प्रकल्पाचे कार्यकर्ते 1990 पासून तुरुंगातल्या आणि तुरुंगातून सुटलेल्या माणसांबरोबर काम करत आहेत. एखादा माणूस सुटला की नाही, कधी सुटला, कोणत्या हुकमाने सुटला, हे शोधायचे झाले तर काय हाती लागते, हा प्रश्न या भागात रोजचा आहे. त्याच्या मागे सव्वाशे वर्षांहून जास्त इतिहास आहे, आणि तो पाहिला की एक गोष्ट ठळक होते: आपल्याकडे सुटकेची नोंद नेहमीच होती, नेटकी होती, पण ती ज्याची सुटका झाली त्याच्यासाठी कधीच ठेवली गेली नाही.

1894 च्या तुरुंग कायद्याचे बारावे कलम वाचण्यासारखे आहे. अधीक्षकाने कोणत्या वह्या ठेवायच्या ते त्यात सांगितले आहे: दाखल झालेल्या कैद्यांची नोंदवही, कोणता कैदी केव्हा सोडायचा ते दाखवणारी वही, शिक्षांची वही, भेट देणाऱ्यांनी शेरे लिहायची वही, आणि कैद्याकडून काढून घेतलेल्या पैशांची व वस्तूंची नोंद. म्हणजे खिशातले पैसे आणि हातातले घड्याळसुद्धा कागदावर यायचे. सुटकेची वही मात्र पुढे पाहणारी आहे. शिक्षा किती, माफी किती मिळाली, दार कोणत्या तारखेला उघडायचे, हा हिशेब कारभाऱ्याच्या सोयीचा. सुटलेल्या माणसाला किंवा त्याच्या घरच्यांना त्या वहीचा उतारा मिळालाच पाहिजे, असे हे कलम म्हणत नाही.

तुरुंगाबाहेर ती माहिती ज्यांच्याकडे हक्काने जात होती, ते पोलीस. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पूर्वी शिक्षा झालेल्या माणसाला सुटल्यावर पाच वर्षांपर्यंत आपला पत्ता कळवत राहायला लावण्याची तरतूद होती, आणि ती 1973 च्या संहितेतही टिकली. गुन्हेगार जमाती कायदा 1871 चा. 1911 च्या सुधारणेनंतर तो मुंबई इलाख्यातही आला. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत राहणाऱ्यांना हजेरी द्यावी लागे, आणि ज्याला कधी शिक्षाच झाली नव्हती तोही या नोंदीतून सुटत नसे. स्वातंत्र्यानंतर हा कायदा गेला, तरी 1959 मध्ये सराईत गुन्हेगारांसाठीचा मुंबई कायदा आला आणि नोंदीची सवय तशीच राहिली. हिस्ट्रीशीट, निगराणी, तडीपारी हे शब्द गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांत पोराटोरांनाही ठाऊक असतात. सुटकेच्या नोंदीचे सगळे वजन असे एका बाजूला पडले. माणूस कधी सुटला हे ठाण्यात पक्के माहीत असायचे. त्याच्या आईला कळेलच असे नाही.

सरकारला सुटका लपवायची असली तर ती किती लपवता येते, याचा महाराष्ट्राला ठाऊक असलेला दाखला लोकमान्य टिळकांचा आहे. मंडालेची सहा वर्षांची शिक्षा संपत आली, तेव्हा तारीख जाहीर झाली नाही. 16 जून 1914 च्या मध्यरात्रीच्या सुमारास पोलिसांनी त्यांना पुण्यात गायकवाड वाड्यापाशी आणून सोडले. सकाळी शहराला कळले आणि लोकांची रीघ लागली. गर्दी होऊ नये हा सरकारचा हेतू होता आणि तो काही तासांपुरता साधलाही. पुढे मुंबई सरकारने स्वातंत्र्यलढ्याच्या साधनांचे खंड 1957 पासून प्रसिद्ध केले आणि गोपनीय दप्तरातला पत्रव्यवहार छापील पानांवर आला. थोरांच्या वाट्याला उशिरा का होईना, ही मोकळीक आली. बाकीच्यांच्या सुटकेचे काय झाले, ते पेन्शनच्या वेळी उघडे पडले.

15 ऑगस्ट 1972 ला केंद्राने स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन देण्याची योजना आणली आणि 1980 मध्ये ती सैल केली. अट साधी होती: किमान सहा महिने तुरुंगवास; स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी तीन महिने. पण तो सिद्ध करायला तुरुंगाचा दाखला हवा, आणि दाखल्यात दाखल झाल्याची नि सुटल्याची, दोन्ही तारखा हव्यात. एकोणीसशे तीसच्या किंवा बेचाळीसच्या नोंदवह्या कितीतरी ठिकाणी वाळवीने खाल्ल्या होत्या, किंवा जपण्याची मुदत संपली म्हणून नष्ट केल्या होत्या. मग सरकारनेच पर्याय दिला: कागद उपलब्ध नसल्याचा दाखला आणि त्यासोबत बरोबरच्या कैद्याचे प्रमाणपत्र. म्हणजे राज्याने ज्याला कोंडले, त्याने आपण कोंडलेले होतो हे पन्नास वर्षांनी शेजारच्या बराकीतल्या माणसाला शोधून सिद्ध करायचे. ज्यांचे सोबती वारले होते त्यांची वाट तिथेच संपली. याच ढिसाळपणाची दुसरी बाजू बीड जिल्ह्यात दिसली. दुसऱ्यांच्या दाखल्यांवर उभ्या राहिलेल्या खोट्या स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 2005 मध्ये त्यावर निकाल झाला. नोंद हरवली की खऱ्याचा हक्क बुडतो आणि खोट्याला वाट मिळते. हे दोन्ही एकाच योजनेत घडले.

नोंद असूनही ती हलली नाही तर काय होते, ते रुदल साहच्या खटल्याने दाखवले. बिहारमधल्या या माणसाला 3 जून 1968 रोजी सत्र न्यायालयाने निर्दोष सोडले आणि तुरुंगाचे दार उघडले 16 ऑक्टोबर 1982 रोजी. चौदा वर्षे निर्दोष माणूस आत. सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये भरपाई दिली. हा बिहारचा, जुन्या काळचा अपवाद म्हणून बाजूला सारता येत नाही. जामिनाचा हुकूम न्यायालयातून तुरुंगात पोहोचायला लागणारा वेळ मुंबईतही माणसाला आत ठेवतो. आर्थर रोडच्या बाहेरची जामीनपेटी ठरलेल्या वेळी उघडते. कागद त्यानंतर आला की आणखी एक रात्र. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या दिरंगाईची आपणहून दखल घेतली आणि मार्च 2022 मध्ये हुकूम इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवण्याची 'फास्टर' ही व्यवस्था सुरू झाली.

आता याच्या शेजारी अटकेची नोंद ठेवून पाहा. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1996 मध्ये सांगितले की अटक झाल्याचे नातेवाइकांना कळवावे आणि नियंत्रण कक्षात फलकावर लावावे. पुढे संहितेत कलम आले. 2010 पासून जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाबाहेर अटक झालेल्यांची नावे आणि पत्ते लावणे बंधनकारक झाले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेने ही माहिती प्रत्येक ठाण्यात आणि डिजिटल रूपातही दाखवायला सांगितली. हेतू चांगलाच होता, कोठडीत माणूस गायब होऊ नये. पण परिणाम असा की अटक भिंतीवर लागते आणि सुटका वहीत राहते. वृत्तपत्रातही तसेच: अटकेची बातमी नावानिशी, सुटकेची क्वचित. देवनारमधल्या एखाद्या तरुणाचे नाव फलकावर लागले की ते गल्लीभर होते. सहा महिन्यांनी तो निर्दोष ठरला हे सांगायला कोणताही फलक नसतो.

मग सुटकेचाही फलक लावावा का? अमेरिकेत हाच मार्ग घेतला गेला. तिथे काउंटी तुरुंगात कोण आले, कोण गेले ही यादी बहुतेक ठिकाणी कोणीही पाहू शकतो. त्यामागचा एक प्रसंग खरोखर वेदनेचा आहे. केंटकीतल्या लुईव्हिलमध्ये डिसेंबर 1993 मध्ये एका तरुणीचा तिच्या आधीच्या प्रियकराने खून केला. तिच्यावर अत्याचार केल्याच्या आरोपाखाली तो तुरुंगात होता, आणि जामिनावर सुटल्याचे तिला कोणी कळवले नव्हते. वर्षभरात त्याच काउंटीने पीडितांना फोनवर सुटकेची सूचना देणारी यंत्रणा उभी केली आणि ती देशभर पसरली. यादी खुली नसेल तर पीडितेला सुटका कळणार कशी, हा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो, कारण आपल्याकडेही त्याचे उत्तर मिळालेले नाही. बिल्कीस बानो प्रकरणाचा खटला मुंबईत चालला, शिक्षा मुंबईत झाली. 15 ऑगस्ट 2022 ला गुजरातमध्ये 11 दोषी बाहेर आले तेव्हा तिला आधी विचारलेही नव्हते. जानेवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली आणि निर्णयाचा अधिकार महाराष्ट्राचा होता असे सांगितले. पीडितेला कळलेच पाहिजे, यात दुमत असू नये. पण लुईव्हिलची यंत्रणा नीट पाहिली तर तिचा गाभा ठरावीक माणसाला वेळेवर सूचना देणे हा आहे. सगळ्या गावाने यादी चाळणे ही वेगळी गोष्ट. आपल्या अॅट्रॉसिटी कायद्यातल्या 15 अ कलमाने पीडिताला जामिनासह प्रत्येक कार्यवाहीची वेळेवर माहिती मिळण्याचा हक्क दिला आहे. तोच हक्क सुटकेपर्यंत आणि इतर गंभीर गुन्ह्यांपर्यंत न्यावा. त्यासाठी फलक लागत नाही.

घरमालकाला आणि नोकरी देणाऱ्याला कळायला नको का, असेही विचारले जाते. भारताच्या तुरुंगांत चारांतले सुमारे तीन कैदी कच्चे आहेत, म्हणजे त्यांच्यावर गुन्हा शाबीत झालेला नाही. सुटकेची खुली यादी ही बहुतांशी अशाच माणसांची यादी होईल, आणि ती वाचणारा मालक 'जामिनावर' आणि 'निर्दोष' यांतला फरक करत बसणार नाही. कायद्याने हे ओळखले आहेच. 1958 चा परिवीक्षा कायदा चांगल्या वर्तणुकीवर सोडलेल्याला शिक्षेची अपात्रता चिकटू देत नाही. 2015 चा बाल न्याय कायदा गंभीर अपवाद सोडता मुलांच्या दोषसिद्धीची नोंद नष्टच करायला सांगतो. मानखुर्दच्या आवारातून बाहेर पडणाऱ्या मुलासाठी ही तरतूद फार मोलाची आहे. आणि चेंबूरच्या भिक्षेकरी गृहातून सुटणाऱ्याचे काय? 1959 च्या भीक प्रतिबंधक कायद्याने त्याला एक ते तीन वर्षे ठेवता येते, तो कैदी म्हणवला जात नाही, आणि त्याचा अपराध गरिबी. त्याच्या सुटकेची यादी कोणाच्या संरक्षणासाठी लावायची?

याच्या उलट टोकाचा धोका आता जवळ आला आहे. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यात जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर 48 तासांत उत्तर द्यायचे आहे, आणि आत अडकलेल्या माणसाच्या नातेवाइकांसाठी हेच एक दार होते. वैयक्तिक माहितीच्या अपवादाला त्याच कलमात सार्वजनिक हिताची अट होती. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने ती काढून अपवाद सरसकट केला. दुसऱ्या पोटकलमातली सार्वजनिक हिताची तरतूद शिल्लक आहे, पण तिच्यासाठी वकिली लढाई लढायची ताकद गोवंडीतल्या शिवाजीनगरच्या झोपडीतल्या बाईकडे नाही. खासगीपणाच्या नावाखाली खात्याने बायकोलाच नवऱ्याची सुटकेची तारीख नाकारणे, हा खासगीपणाचा अर्थ असू शकत नाही. खासगीपण त्या माणसाचे आहे, खात्याचे नाही.

म्हणून मागणी नेमकी ठेवता येते. प्रत्येक सुटणाऱ्याला दाराशीच सही-शिक्क्याचा कागद मिळावा: दाखल केव्हा, सुटका केव्हा, कोणत्या न्यायालयाच्या कोणत्या हुकमाने, जामीन की निर्दोष की शिक्षा पूर्ण. हाच कागद महिला वसतिगृहातून आणि भिक्षेकरी गृहातून निघणाऱ्यालाही मिळावा. त्याने नाव दिलेल्या नातेवाइकाला आणि गुन्ह्यातल्या पीडिताला त्याच दिवशी सूचना जावी. मूळ वही नष्ट न होता ठरावीक वर्षांनी पुराभिलेखागारात जावी, म्हणजे अभ्यासकाला ती मिळेल. यासाठी नवी यंत्रणाही लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 31 जानेवारी 2023 च्या आदेशानुसार जामिनाची तारीख ई-प्रिझन्स प्रणालीत भरायची आणि सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवायचे आहे. त्या प्रणालीत तारीख आहे, हुकूम आहे. मुलाकातीच्या नोंदणीसाठी नातेवाईक आपला मोबाइल क्रमांकही देतात. भेटीची वेळ कळवायला जो क्रमांक चालतो, त्यावरच सुटकेचा निरोप पाठवायला फक्त शासनाचा एक निर्णय हवा.