साडेसव्वीस डॉलरपासून सुरुवात

आजच्या भागात ना लढाई आहे, ना किल्ला. आज आपण एक हिशेबाची वही उघडतोय.

१९०५ मध्ये शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने तीन जणांना घेऊन एक क्लब काढला. बैठका आळीपाळीने एकेकाच्या ऑफिसात व्हायच्या, म्हणून नाव पडलं रोटरी. बारा वर्षांनी, १९१७ च्या अटलांटा अधिवेशनात अध्यक्ष आर्च क्लम्फ म्हणाले, चांगल्या कामांसाठी कायमचा निधी उभारूया. आणि पैसे? पहिली देणगी आली १९१८ मध्ये, कॅन्सस सिटीच्या क्लबकडून. २६ डॉलर ५० सेंट! तीही अधिवेशनाच्या खात्यातली शिल्लक. म्हणजे आपल्या गणपती मंडळाकडे विसर्जनानंतर उरते ना, तशी.

सहा वर्षांनी निधी किती? जेमतेम ७०० डॉलर. बरं, सभासद काही गरीब नव्हते. व्यापारी, वकील, धंदेवाले लोक. मला वाटतं अडचण वेगळीच होती. पेटी ठेवली होती, पण त्यातून नेमकं काय करायचं हेच ठरलं नव्हतं. अशा पेटीत कोण पैसे टाकणार? १९२८ मध्ये तिला रोटरी फाउंडेशन हे नाव आणि पाच विश्वस्त मिळाले. पहिलं अनुदान गेलं १९३० मध्ये, अपंग मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला, ५०० डॉलर. १९३७ मध्ये २० लाखांचं टार्गेट ठेवलं, पण महायुद्ध आडवं आलं.

जानेवारी १९४७ मध्ये हॅरिस गेले आणि चित्रच पालटलं. जगभरच्या क्लबांनी त्यांच्या स्मरणार्थ पैसे पाठवले. दीड वर्षात १० लाख डॉलरच्या वर! तीस वर्षांच्या भाषणांनी जमलं नाही ते एका माणसाच्या जाण्याने झालं. त्यातून १८ विद्यार्थ्यांना परदेशी शिकायला शिष्यवृत्त्या मिळाल्या.

पुढे १९८५ मध्ये पोलिओप्लस सुरू झालं. लक्ष्य १२ कोटी डॉलर, आणि १९८८ पर्यंत जमले २४ कोटी ७० लाख. यावेळी पैसे कशासाठी, हे एका शब्दात सांगता येत होतं.

भारतात शेवटचा रुग्ण सापडला जानेवारी २०११ मध्ये, हावड्यात. श्रेय एकट्या रोटरीचं नाही हं; सरकार, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, आणि दारोदार फिरलेल्या अंगणवाडी ताई, सगळ्यांचं आहे. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा रविवारच्या बूथवर दोन थेंब पिऊन, करंगळीला शाई लावून घरी आले असतील.