खेळांतील समुद्र आणि आपल्या खाड्या

समुद्रावरील जुन्या व्यापाराचा इतिहास हा पूर्वीं ग्रंथांचा, दप्तरांचा आणि फार तर कादंबऱ्यांचा विषय होता. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत तो खेळाचाही विषय झाला आहे. संगणकाच्या पडद्यावर खेळावयाचे जे खेळ 'व्हिडिओ गेम' या नांवानें आतां घरोघर परिचित आहेत, त्यांत एक वर्ग असा आहे कीं, त्यांत खेळणारा जहाजांचा धनी होतो, एका बंदरांत माल स्वस्त घेतो, दुसऱ्या बंदरांत महाग विकतो, आणि मिळालेल्या नफ्यांतून नवीं जहाजें बांधतो. जपानच्या कोएई कंपनीचा 'अनचार्टेड वॉटर्स' (१९९०), उत्तर युरोपांतील हॅन्सा संघाच्या नगरांवर रचलेला जर्मन 'पॅट्रिशियन' (१९९२) आणि फिनलंडच्या नायट्रो गेम्सनें काढलेला 'ईस्ट इंडिया कंपनी' (२००९) हे या वर्गांतील प्रसिद्ध खेळ होत. यांपैकीं शेवटल्याचा संबंध तर थेट आपल्याशीं पोंचतो, कारण इ. स. १६०० ते १७५० या काळांतील युरोप व हिंदुस्थान यांच्यामधील व्यापार हाच त्याचा विषय आहे.

मुलांची करमणूक म्हणून ही गोष्ट झटकून टाकावी, असें कित्येक वडील मंडळींस वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या इतिहासाचीं पुस्तकें आमचीं मुलें उघडीत नाहींत, तोच इतिहास तीं या खेळांत तासन् तास वागवीत असतात. तेव्हां त्यांच्या मनावर त्या काळाचें कोणतें चित्र उमटतें, हें पाहणें अगत्याचें आहे.

या खेळांविषयीं खेळणारांचीं मतें ऐकलीं म्हणजे त्यांत तीन सूर निघतात. पहिला कौतुकाचा: जहाजें सुबक आहेत, समुद्र डोळ्यांपुढें हेलकावतो, आरमारी लढाई रंगते. दुसरा तक्रारीचा: आरंभीं गोडी वाटते, परंतु कोणत्या दोन बंदरांमध्यें कोणता माल फायद्याचा, हें एकदां उमगलें कीं पुढें तेंच तें. ताफा आपोआप ये-जा करतो, तिजोरी भरते आणि खेळणारा जांभया देतो. तिसरा सूर वादाचा: कोणी म्हणतात, इतिहास अधिक काटेकोर हवा, कोणी म्हणतात, खेळ आधीं खेळ असावा, इतिहास मागाहून. बहुतेक लोक दुसरी आणि तिसरी गोष्ट निराळ्या समजतात. आमच्या मतें त्या दोन नाहींत, एकच आहेत. खेळाचा कंटाळा येतो तो इतिहास कमी पडल्यामुळेंच. नेमका कोणता भाग कमी पडला, हें ताडून पाहण्यासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. रायगड जिल्ह्यांतील रोहें आणि पेण या दोन गांवांच्या खाड्या त्यास पुरेशा आहेत.

कुंडलिका नदी सह्याद्रीवरून उतरून रोह्याजवळून वाहते, आणि रेवदंडा व कोर्लई यांच्यामध्यें समुद्रास मिळते. मुखाशीं चौल, वर रोहें, आणि रोह्याच्या समोरच्या तीरास अष्टमी. त्याच्या उत्तरेस अंबा नदी नागोठण्यावरून धरमतरच्या खाडींत उतरते. त्याच खाडीच्या आश्रयानें पेणचें अंतोरें बंदर नांदलें. खेळाच्या नकाशावर यांतील एखादें नांव आलेंच तर तें चौलचें येईल. त्याचा मानही तसाच आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील ग्रीक लेखकांस तें 'सेमुल्ला' म्हणून ठाऊक होतें; दहाव्या शतकाच्या आरंभीं अरब प्रवासी मसूदी त्यास 'सैमूर' म्हणतो; आणि १५२१ मध्यें पोर्तुगीजांनीं रेवदंड्यास आपली वखार व गढी उभारिली. परंतु रोहें, अष्टमी, नागोठणें, पेण हीं नांवें नकाशावर यावयाचीं नाहींत, आणि खेळाचें मर्म हरवतें तें नेमकें येथेंच. कारण चौल हें दार होतें. त्या दारांतून जें आंत-बाहेर जात असे, तें या खाड्यांतून वर चढे आणि खालीं उतरे.

हें काम किती खटपटीचें होतें, तें एका घोड्याच्या हकीकतीवरून समजेल. रशियांतील अफानासी निकितीन नांवाचा व्यापारी इ. स. १४७० च्या आसपास एक घोडा घेऊन चौलास उतरला. खेळांत असा माल बंदरांत पाऊल ठेवतांच विकला जातो. निकितीन मात्र तो घोडा घेऊन घाट चढून जुन्नरास गेला. तेथें पावसानें व चिखलानें त्यास अडकवून ठेविलें. तेथल्या खानानें घोडा हिसकावून घेऊन धर्म बदलण्याची अट घातली. एका खोरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीनें तो परत मिळाला, आणि शेवटीं बिदरकडे त्याची विक्री झाली. बंदरापासून बाजारापर्यंतच्या या वाटेंत ऋतु, रस्ता, राजसत्ता, धर्म आणि ओळखीचा माणूस, इतक्यांचा हिशेब लागला. खेळांत ही सगळी वाट गाळलेली असते.

खाडीच्या गांवीं पहिला हिशेब लागे तो भरती-ओहोटीचा. मोठें जहाज खाडींत येत नसे. माल मचव्यांत, पडावांत उतरवून भरतीबरोबर वर न्यावा लागे. उधाणाची भरती निराळी, भांगाची निराळी. आज जेथपर्यंत तर पोंचली, तेथपर्यंत आठ दिवसांनीं पोंचेलच असें नाहीं. त्याखेरीज ज्येष्ठापासून समुद्र बंद, तो नारळी पौर्णिमेस नारळ अर्पण होईपर्यंत. म्हणजे वर्षाचे कांहीं महिने व्यापार निजलेला असे, आणि उरलेल्या महिन्यांत प्रत्येक फेरी तिथि पाहून करावी लागे. तांडेलास जें गणित तोंडपाठ असे, तें खेळांतील अधिपतीस कधींच करावें लागत नाहीं. त्याचें समुद्राचें पाणी सदा एकाच उंचीचें.

या खाडीमार्गाचें एक स्मरणीय दर्शन इ. स. १६७४ मध्यें घडतें. मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकास निघाला, तो चौलास आला, तेथून होडीनें नदी चढून अष्टमीस उतरला, आणि निजामपुरावरून रायगडास गेला. जगाच्या व्यापाराची वाटाघाट करावयास निघालेल्या कंपनीच्या माणसास शेवटीं रोह्याच्या घाटासमोर होडींतून उतरून पायवाट धरावी लागली, ही गोष्ट लहान नव्हे. गडावर जो तह ठरला, त्यांत इंग्रजांनीं मराठी मुलखांत व्यापार करून अडीच टक्के जकात द्यावी, असें कलम होतें. परंतु खरी घासाघीस झाली ती निराळ्याच गोष्टीवरून. वादळानें किनाऱ्यास लागलेल्या इंग्रजी जहाजांवरील माल परत मिळावा, अशी त्यांची मागणी होती. यावर मराठ्यांकडून प्रथम हरकत निघाली कीं, असें करणें कोंकणच्या रूढीस सोडून आहे, आणि इंग्रजांस ही सवलत दिली तर फ्रेंच व डच यांसही ती नाकारतां येणार नाहीं. खेळांत जहाज बुडालें म्हणजे तें बुडालें. त्याचें लांकूड व त्यांतील गांठोडीं कोणाच्या हक्काचीं, हा प्रश्न उठतच नाहीं. येथें मात्र त्याच प्रश्नावर दोन राज्यांचे मुत्सद्दी बसले होते, कारण किनाऱ्यालाही धनी होता.

पेणकडे वळतांच मिठाचा विषय येतो. खारेपाटांतील आगरी लोक बांध घालून खाडीचें पाणी वाफ्यांत घेत, उन्हाळ्यांत तें आटवीत, आणि मीठ ओढून त्याच्या राशी घालीत. तेंच मीठ बैलांच्या पाठीवर घाट चढून देशावर जाई, आणि येतांना धान्य येई. रेशीम व मसाले यांच्या मानानें मीठ हा क्षुल्लक माल. कोणताही खेळ त्यावर रचला जात नाहीं. परंतु राज्यकर्ते त्यास क्षुल्लक समजत नव्हते. १६७१ मध्यें शिवाजी महाराजांनीं कुडाळच्या नरहरि आनंदराव यांस लिहिलेलें पत्र प्रसिद्ध आहे. बारदेशांतील पोर्तुगीजांचें मीठ स्वस्त पडतें, म्हणून व्यापारी तिकडे जातात आणि संगमेश्वराकडील मीठ पडून राहतें. तरी बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवावी, म्हणजे तें आपल्या मिठाहून महाग पडेल, असा त्याचा आशय आहे. पत्र दक्षिण कोंकणचें असलें, तरी त्यांतील विचार सगळ्या किनाऱ्यास लागू होता. स्वस्त तेथें घ्यावें आणि महाग तेथें विकावें, हा व्यापाऱ्याचा नियम. स्वस्त माल आपल्या आगरांस बुडवीत असेल तर भावच बदलावा, हा राज्यकर्त्याचा. खेळांत पहिला नियम आहे, दुसरा नाहीं. बाजारभाव जणूं आकाशांतून पडतो. आमचें मत असें आहे कीं, ज्या दिवशीं भाव ठरविणारा माणूस खेळांत येईल, त्या दिवशीं कंटाळ्याची अर्धी तक्रार मिटेल.

लढाईविषयींही हेंच. खेळणारे आरमारी झुंजींची स्तुति करतात आणि व्यापाराचा भाग नीरस म्हणतात. म्हणजे हीं दोन कामें त्यांच्यापुढें अलग मांडलेलीं असतात. आमच्या किनाऱ्यावर तीं कधीं अलग नव्हतीं. पोर्तुगीजांचा आग्रह असा कीं, समुद्रावरील प्रत्येक व्यापारी जहाजानें त्यांचा 'कार्ताज' म्हणजे परवाना बाळगावा. नसेल तर जहाज जप्त. पुढें तोच हक्क कान्होजी आंग्रे यांनीं आपल्या दस्तकांनीं बजाविला. त्यांचा कुलाबा किल्ला धरमतरच्या आणि रेवदंड्याच्या खाड्यांच्या मधोमध उभा. दोन्ही दारांवर त्याची नजर. इंग्रजांनीं दस्तक मानण्याचें नाकारिलें आणि कान्होजींस चांचा ठरविलें. १७२१ मध्यें इंग्रज व पोर्तुगीज या दोघांनीं मिळून कुलाब्यावर स्वारी केली आणि ती फसली. या सगळ्याच्या मुळाशीं एक कागद होता. तो कागद कोणी द्यावा आणि कोणी घ्यावा, हीच समुद्रावरील सत्तेची खरी कसोटी होती. तोफा मागाहून बोलत.

आणखी एक उणीव आम्हांस फार मोठी वाटते. खेळांतील बंदर मरत नाहीं. चौलची गोष्ट पाहा. १७४० च्या तहानें तें मराठ्यांकडे आलें, परंतु तोंवर त्याचें तेज उतरलें होतें. त्याचे रेशीम विणणारे कारागीर सतराव्या शतकांतच मुंबईकडे जाऊं लागले होते. मुंबई वाढली तसतसें चौल ओसरलें, आणि खाड्यांत गाळ सांचत गेला. पुढें सडका आल्या, मागाहून रेल्वे आली. आज रोहें सर्वांस ठाऊक आहे तें कोंकण रेल्वेचा आरंभ तेथून होतो म्हणून. १९९८ च्या जानेवारींत तो मार्ग सबंध खुला झाला, आणि ज्या गांवीं पूर्वीं भरतीची वाट पाहत, तेथें गाडीची वाट पाहूं लागले. तरीही पाण्याचा हक्क सर्वस्वीं सुटलेला नाहीं. धरमतरच्या खाडींत डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठीं आजही मालाचे तराफे येतात. जवळच १९८९ पासून न्हावा-शेवा बंदर चालू आहे. आणि पेणचे गणपति समुद्रापलीकडील मराठी घरांत जाऊन बसतात. बंदरें मरतात, सरकतात, दुसऱ्या नांवानें पुन्हा उठतात, आणि प्रत्येक वेळीं कोणाचें तरी घर उठतें व कोणाचें वसतें. खेळांत हें दुःखही नाहीं आणि हें नवलही नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, भरती, जकात, रूढी, गाळ, सगळें घालूं लागलों तर खेळाचा गाडा चालावयाचा नाहीं. आक्षेप रास्त आहे. बुद्धिबळांत हत्ती सरळ रेषेंत चालतो म्हणून कोणी त्यास दोष देत नाहीं. खेळास सोपेपणा लागतोच. परंतु काय गाळावें याची निवड निर्दोष नसते. या खेळांत जें गाळलें आहे, तें सगळें किनाऱ्याकडचें आहे. खेळणारास बसावयास जागा मिळते ती जहाजावर, दुरून येणाऱ्या कंपनीच्या खुर्चीवर. अष्टमीचा तांडेल, पेणचा आगरी, जकातीचा कारकून, बैलांचा तांडा हांकणारा वंजारी यांस जागा नाहीं. परिणाम असा होतो कीं, याच खाड्यांच्या कांठीं वाढलेलीं मुलें आपल्याच गांवाकडे बाहेरून, माल उचलण्याची जागा म्हणून पाहूं लागतात. कंटाळ्याची तक्रार करणारीं मुलें आम्हांस म्हणूनच आवडतात. समोरच्या तीरावर माणसें असलीं पाहिजेत, हें त्यांस न सांगतां जाणवलें आहे.

आमच्यांत आतां संगणकाची विद्या जाणणारे तरुण पुष्कळ झाले आहेत. त्यांतील कोणी एकानें असा खेळ रचावा कीं, त्याचा आरंभ एका मचव्यानें, रोह्याच्या घाटावर, उधाणाच्या भरतीची वाट पाहत व्हावा. समुद्रांतून एक जहाज चौलाकडे येत आहे, आणि त्याच्याशीं भाव ठरवावयाचा आहे तो आपण.