लिटल हाउस ऑन द प्रेअरी

लिटल हाउस ऑन द प्रेअरी : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सरहद्दप्रदेशावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वसाहत करणाऱ्या एका कुटुंबाचे जीवन चित्रित करणारी दूरचित्रवाणी मालिका. एनबीसी या वाहिनीवरून ती १९७४ ते १९८३ या काळात प्रसारित झाली. लॉरा इंगल्स वाइल्डर (१८६७–१९५७) या लेखिकेच्या आत्मचरित्रात्मक बालकादंबऱ्या हा तिचा आधार होय. मायकेल लँडन (१९३६–९१) हा मालिकेतील प्रमुख नट असून अनेक भागांचे लेखन व दिग्दर्शनही त्यानेच केले. चार्ल्स इंगल्सची भूमिका लँडनने, पत्नी कॅरोलाइनची कॅरन ग्रासलीने, तर मेरी आणि लॉरा या मुलींच्या भूमिका अनुक्रमे मेलिसा सू अँडरसन व मेलिसा गिल्बर्ट यांनी केल्या.

अमेरिकन दूरचित्रवाणीवर ‘वेस्टर्न’ प्रकारच्या मालिकांना १९५५ नंतर मोठी लोकप्रियता लाभली होती. ⇨गनस्मोक (१९५५–७५) आणि बोनान्झा (१९५९–७३) या त्यांपैकी दीर्घकाळ चाललेल्या मालिका. बोनान्झात लँडन हाच धाकट्या मुलाच्या भूमिकेत होता. १९७० नंतर हा प्रकार ओसरू लागला. त्याच सुमारास ⇨द वॉल्टन्स (१९७२–८१) या मालिकेने महामंदीच्या काळातील एका गरीब कुटुंबाची कथा सांगून प्रेक्षक मिळविला. लिटल हाउसने या दोन्ही धारा एकत्र आणल्या. सरहद्द तीच राहिली. मात्र पिस्तुलाच्या जागी नांगर, चूल, शाळा आणि चर्च आले. कादंबऱ्यांचे हक्क मिळविणारा निर्माता एड फ्रेंडली याला मूळ कथेशी इमान राखावयाचे होते, तर लँडनला स्वतंत्र कल्पनेला वाव हवा होता. या मतभेदातून फ्रेंडली लवकरच बाजूला झाला.

मालिकेचे शीर्षक १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचे आहे. तिचे कथास्थळ कॅन्झस. आरंभीचा चित्रपट (मार्च १९७४) त्यावर बेतलेला आहे. पुढील मालिका मात्र मिनेसोटातील वॉलनट ग्रोव्ह या गावी घडते. ते १९३७ च्या कादंबरीचे क्षेत्र. चित्रीकरण दक्षिण कॅलिफोर्नियातील सिमी व्हॅलीत झाले. पडद्यावर दिसणाऱ्या कोरड्या टेकड्या प्रेअरीच्या सपाट, वृक्षहीन गवताळ मैदानाशी जुळत नाहीत. वॉलनट ग्रोव्हजवळ इंगल्स कुटुंब आरंभी प्लम क्रीक या ओढ्याच्या काठात खोदलेल्या मातीच्या घरात राहत असे. मालिकेत त्यांचे पहिल्यापासून लाकडी घर आहे.

हे तपशील किरकोळ वाटतील. परंतु जमिनीच्या प्रश्नाविषयी तसे म्हणता येणार नाही. १८६२ च्या होमस्टेड अधिनियमानुसार सार्वजनिक मालकीची १६० एकर जमीन पाच वर्षे कसणाऱ्यास नाममात्र शुल्कात मिळे. या कायद्याखाली सुमारे १६ लाख दावे मंजूर होऊन २७ कोटी एकर जमीन खाजगी मालकीची झाली. इंगल्स कुटुंब १८६९ मध्ये कॅन्झसमध्ये जेथे उतरले ती जमीन मात्र या कायद्याच्या कक्षेत नव्हती. ती ओसेज या आदिवासी जमातीची राखीव भूमी होती आणि तेथे घर बांधणारा प्रत्येक वसाहतवाला कायद्याच्या दृष्टीने अतिक्रमण करणाराच होता. कादंबरीत आणि चित्रपटात सैनिक येऊन हुसकावतील या भीतीने कुटुंब निघून जाते, जणू अन्याय त्याच्यावर झाला. प्रत्यक्षात १५ जुलै १८७० च्या कायद्याने काँग्रेसने ओसेजनाच तेथून हलविण्याचे ठरविले आणि ही जमीन एकरी सव्वा डॉलरने वसाहतवाल्यांना खुली केली. ओसेज इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमा राज्यात, गेले. विस्कॉन्सिनमधील आपले शेत ज्यास विकले होते त्याला पैसे देता येईनात, म्हणून १८७१ मध्ये इंगल्स कुटुंब तिकडे परतले. त्या वेळी लॉरा चार वर्षांची होती. कॅन्झसविषयीचे तिचे लेखन मुख्यत्वे आईवडिलांकडून ऐकलेल्या आठवणींवर आधारलेले आहे.

वॉलनट ग्रोव्हमधील वास्तव्य (१८७४–७६ व १८७७–७९) मालिकेत सलग आणि पुष्कळ लांबविले आहे. रॉकी पर्वतातील टोळांच्या धाडींनी १८७३ ते १८७७ या काळात मिनेसोटातील शेती उद्ध्वस्त केली. गव्हाचे पीक गेल्यावर चार्ल्सला मजुरीसाठी पूर्वेकडे पायी जावे लागले. राज्याने वाटलेले मदतीचे पीठ घेण्यासाठी आपण निर्धन असल्याचे त्याला शपथेवर लिहून द्यावे लागले. हा प्रसंग कादंबरीतही नाही. कादंबऱ्यांच्या संस्करणात लॉराची कन्या, पत्रकार रोझ वाइल्डर लेन (१८८६–१९६८) हिचा मोठा वाटा होता. ती ‘न्यू डील’ या शासकीय मदतकार्यक्रमाची कडवी विरोधक होती. शासनाच्या साहाय्यावाचून स्वतःच्या बळावर उभे राहणारे कुटुंब ही प्रतिमा या मायलेकींच्या लेखनातून घडली व मालिकेने ती कोट्यवधी प्रेक्षकांपर्यंत नेली. मालिकेतील शेजारधर्म आणि परस्परसाहाय्य यांचे चित्रण खोटे नव्हे. पण जमीन देणारे आणि दुष्काळात पीठ देणारे शासनच होते, हे तीत फारसे जाणवत नाही. १८७६ मध्ये नऊ महिन्यांचा मुलगा दगावला. १८७९ मध्ये मेरीची दृष्टी गेली. कादंबरीत याचे कारण लोहितज्वर असे दिले आहे. विषाणुजन्य मेंदूदाह हे कारण अधिक संभाव्य असल्याचे मत २०१३ मध्ये वैद्यकीय संशोधकांनी मांडले. मालिकेत मेरी अंधांची शिक्षिका होते व विवाह करते. प्रत्यक्षात ती अविवाहित राहिली व शिक्षण संपल्यावर डकोटातील द स्मेट येथे आपल्या कुटुंबात राहिली. चार्ल्सचा दत्तक मुलगा ॲल्बर्ट हे पात्र सर्वस्वी कल्पित आहे. डकोटात अखेर चार्ल्सला होमस्टेड मिळाले, तथापि शेती सोडून तो गावात राहावयास गेला आणि १९०२ मध्ये तेथेच वारला.

आदिवासींच्या चित्रणावरून मूळ कादंबऱ्यांवर पुढे बरीच टीका झाली. मूळ आवृत्तीतील एका वाक्यात आदिवासींची गणना माणसांत झालेली नव्हती. १९५३ च्या आवृत्तीत ते दुरुस्त करण्यात आले. लेखिकेच्या नावाने १९५४ पासून दिल्या जाणाऱ्या बालसाहित्य पुरस्काराचे नाव २०१८ मध्ये बदलण्यात आले. त्याच वर्षी कॅरोलाइन फ्रेझर यांच्या चरित्रग्रंथास पुलित्झर पारितोषिक मिळाले. कागदपत्रांच्या आधारे कुटुंबाचे कर्ज, स्थलांतरे व अपयश त्यात सविस्तर आले आहे.

नियमित मालिका संपल्यानंतर तीन दूरचित्रपट निघाले. त्यांपैकी फेब्रुवारी १९८४ मध्ये दाखविलेल्या चित्रपटात, गावाची सर्व जमीन कागदोपत्री एका उद्योगपतीच्या मालकीची असल्याचे रहिवाशांना कळते आणि ते आपल्याच हातांनी गाव सुरुंगांनी उडवून देतात. भाड्याच्या जागेवरील नेपथ्य हटवून जमीन पूर्ववत करून देण्याची अट निर्मात्यांवर होती. लँडनने तीच कथेत गुंफली. इंगल्स कुटुंबाचे घर व चर्च तेवढे शिल्लक ठेवण्यात आले. खऱ्या प्लम क्रीकच्या काठी मातीच्या घराच्या जागी आता केवळ एक खळगा दिसतो.