उकळते पाणी आणि जुनी मोटार
मोटारीचा इतिहास हा एका अर्थी पाणी निववण्याचाही इतिहास आहे. कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीत पाणी उकळून वाफेच्या रूपाने उडून जाई. म्हणूनच १८८८ साली मानहाइमहून फोर्झहाइमला निघालेल्या बेर्था बेंझ यांना वाटेत वारंवार पाणी भरावे लागले. पुढे विल्हेल्म मायबाख यांनी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर योजला आणि थोडक्या पाण्यात काम भागू लागले.

१९०८ साली अवतरलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीने तर, आरंभीचा काळ वगळता, पाण्याचा पंपच काढून टाकला. तापलेले पाणी वर चढते, निवलेले खाली उतरते, या निसर्गनियमावर सारी भिस्त होती. मोकळ्या रस्त्यावर समोरचा वारा साह्य करी. मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या रहदारीत मात्र तो वारा उरत नाही आणि इंजिनाच्या गतीने फिरणारा पंखाही मंदावतो.

अशी गाडी जपणाऱ्याने प्रथम पाण्याची पातळी पाहावी. ती वरच्या नळीच्या तोंडाखाली गेली की अभिसरणच थांबते. मग पंख्याचा सैल पट्टा, रेडिएटरात साचलेला गाळ आणि मागे पडलेली ठिणगीची वेळ यांचा शोध घ्यावा. गाडी उकळलीच, तर इंजिन बंद करून धीर धरावा. तापल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास ओतीव लोखंडाला तडा जाऊ शकतो, आणि शतकापूर्वीचे ते लोखंड सहजासहजी पुन्हा मिळत नाही.